अण्णा गोड बोलू लागले

आमचे अण्णा गोड बोलू लागले आणि मला दरदरून घाम फुटला.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. अर्धं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलं आणि उरलेलं बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत पाट्या लावण्यात. 'बेल एकदाच दाबावी. आम्ही बहिरे नाही.' 'जिन्यात गप्पा मारू नयेत. सगळे ऐकू येते.' (या दुसऱ्या पाटीनंतर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं ते अजून सुरू नाही!) साध्या प्रश्नाला साधं उत्तर देणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "अण्णा, जेवलात का?" असं विचारलं, तर "नाही, ताटाला ओवाळत होतो."

अशा माणसाने एका सकाळी माझ्या हातचा चहा घेतला आणि म्हटलं, "छान झालाय हं!"

चहात साखर नव्हती. घालायची राहिलीच होती! मी तसाच आत जाऊन बायकोला गाठलं.

"मंजू, अण्णांना काहीतरी होतंय."

"काय होतंय?"

"त्यांनी माझं कौतुक केलं!"

"बरं मग?" म्हणत मंजू भेंडी चिरत राहिली. तिचा तो शांतपणा मला आणखीच धोक्याचा वाटला.

माझी भीती हवेतली नव्हती. नुकतंच आमच्या कंपनीत ताणतणावावर व्याख्यान झालं होतं. (आधी निम्म्या टीमला घरी पाठवलं, मग उरलेल्यांना 'ताण घेऊ नका' सांगायला बाई बोलावल्या.) बाई म्हणाल्या होत्या, "माणसाचा स्वभाव अचानक बदलला, तो आपल्या आवडत्या वस्तू देऊन टाकायला लागला, तर सावध व्हा." आई जाऊन दोन वर्षं झालेली. अण्णा दिवसभर एकटे.

मंगळवारी भर दुपारी दोन वाजता पाण्याचं फिल्टर विकणाऱ्याने बेल वाजवली. तीनदा! अण्णा झोपेतून उठून दारात गेले. त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो, मी जीव मुठीत धरून मागे उभा.

"या ना! उन्हाचे आलात. पाणी देऊ?"

तो बिचारा दोन पायऱ्या मागे सरकला. दुपारी दोनला पुण्यात कोणी पाणी विचारतंय म्हणजे पुढे काहीतरी भयंकर असणार, हे त्यालाही कळलं. तो जो गेला तो आमच्या गल्लीत पुन्हा दिसला नाही.

माझं ऑफिसात लक्ष लागेना. संध्याकाळी घरी आलो की मी खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून राहायचो. (तसा मी आधीही बसायचो. मेल बघायला. बाकी काही नाही.) वर गेल्यावर अण्णा आज काय गोड बोलतील, या विचाराने छाती धडधडायची.

शुक्रवारी कळस झाला. अण्णांनी पाट्या लिहायचा काळा मार्कर मंजूच्या हातात ठेवला. "तुझ्याकडे असू दे. मला आता काय करायचाय?"

आवडती वस्तू! देऊन टाकली! शनिवारी पहाटे त्यांचा श्वास चालू आहे ना, हे बघायला मी हळूच त्यांच्या खोलीत गेलो. डोळे न उघडता ते म्हणाले, "झोप, बाळा." बाळा! मी सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि सेहेचाळीस वर्षं त्यांनी मला 'गाढवा' याच नावाने हाक मारली आहे.

दहा वाजता अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. "जरा जाऊन येतो," एवढंच. ते बसमध्ये आणि मी बसच्या मागे स्कूटरवर, ओळखू येऊ नये म्हणून डोक्यावर हेल्मेट. ही बस नदीकडे वळली तर? हा विचार मनात आला आणि मी स्कूटर बसला जवळजवळ चिकटवली. पण अण्णा सदाशिव पेठेत उतरले, एका जुन्या इमारतीचा जिना चढले. खाली पाटी होती, 'मानसोपचारतज्ज्ञ'. मी दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर धावलो.

"पेशंट कोण?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"हे!" मी अण्णांकडे बोट दाखवलं.

"हा!" अण्णांनी माझ्याकडे दाखवलं.

"आधी घरी ठरवून यायचं असतं," बाई म्हणाल्या आणि रजिस्टरात डोकं घातलं.

"अण्णा, तुम्ही इथे कसे?"

"तू हेल्मेट घातलंस तेव्हाच म्हटलं, प्रकरण हाताबाहेर गेलंय," अण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "तीन महिने रोज पाऊण तास खाली स्कूटरवर बसतोस. गॅलरीतून दिसतं मला. मेल बघत असतास तर तोंडावर मोबाईलचा उजेड पडला असता. नुसता भिंतीकडे बघत असतोस. मी घाबरलो रे. मंजूला विचारून इथे आलो. डॉक्टर म्हणाले, त्याला घेऊन या, आणि तोवर घरी टोचून बोलू नका. पंधरा दिवस एक टोमणा मारला नाही. मार्करसुद्धा देऊन टाकला, हात शिवशिवायला नकोत म्हणून. अ‍ॅसिडिटी झाली मला!"

मी हेल्मेट काढलं. नोकरीवरून काढायच्या पुढच्या यादीत आपलं नाव असेल, मग मुलीच्या शिक्षणाचं काय, अण्णांच्या औषधांचं काय, हे सगळं मी तीन महिने त्या भिंतीला सांगत होतो. तिथेच, काउंटरसमोर, मला रडू कोसळलं.

"रडायचं आत. नंबर आल्यावर," बाई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला.

नंबर आला, आत गेलो, बोललो. दर शनिवारी यायचं ठरलं. सोमवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये स्कूटर लावली, तर समोरच्या त्या भिंतीवर काळ्या मार्करने लिहिलेली नवी पाटी!

'येथे गाडीवर बसून घाबरू नये. घाबरायचे असल्यास वर यावे. चहा तयार आहे.'

मी ती दोनदा वाचली, जिना चढलो आणि आनंदाच्या भरात बेल दोनदा दाबली.

"एकदाच दाब! आम्ही बहिरे नाही, गाढवा!"

छातीतली धडधड कितीतरी दिवसांनी थांबली आणि सेहेचाळीस वर्षांचं ते गाढव हसत हसत चहाला आत गेलं.