मिठागरावरची दुसरी नावे

निघण्याआधी नावांची यादी तीनदा तपासली. नीलाताई बायांच्या श्रमांवर संशोधन करतात आणि चित्रेही काढतात. उरणजवळच्या मिठागरात राबणाऱ्या अकरा जणींना त्यांनी कापडावर रंगवले होते. खाली नावे घातली मी. माझी शाळा आठवीत सुटली, पण पाट्या रंगवतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकू देत नाही. त्या बायांच्या गावातल्या प्रदर्शनाला ताईंनी मलाही नेले.

भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराची लाँच घ्या, साधारण तासाभराचा प्रवास. ओहोटीला फेऱ्या बदलतात, वेळ विचारून ठेवा. मी चारदा विचारली. पुढे रिक्षा; भाडे आधीच ठरवा.

कंटेनरचे ट्रेलर मागे पडले आणि आवाजच संपला. चौकोनी पाण्यात आकाश उतरले होते. बाया त्यावरून फळी ओढत होत्या. ढगच काठाशी पांढरे गोळा होत आहेत असे वाटले. किती वेळ उभा होतो, कळले नाही.

शाळेच्या पडवीत चित्रे टांगली. एक आजी स्वतःच्या चित्रापुढे थांबल्या. नातीने वाचले, "सुनंदा पाटील."

"ह्यो सासऱ्यानी ठेवलेला नाव. माजा कुठं हाय?"

शेजारीण हसली, "आगो म्हातारे, पन्नास वर्सं त्याच नावाला ओ देतेस ना?"

"ओ देते. पन चित्र माजा हाय ना? ह्यो न्हाय लावायचा!"

मी यादी पुढे केली. "आजी, रेशनकार्डावरून जसेच्या तसे उतरवलेय."

त्या घरी गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. लग्नाआधी बापाने दिलेला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरले होते: यमुना.

"नाव त्यांचे, त्या सांगतील तसे," ताई मला म्हणाल्या.

"जुने पुसू का?" मी विचारले.

आजी म्हणाल्या, "पुसू नको. त्याच नावावर पोरा झाली माजी. वरती लिव. मोठा."

वर मोठ्या अक्षरात 'यमुना' लिहिले. मागे पाहिले तर रांग लागलेली. सात जणींनी जुने नाव सांगितले, तिघींनी आहे तेच ठेवले. मग आजींनी तांदळाची भाकरी आणि जवळा वाढला. तसा जवळा हॉटेलात मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी घरी मांडणीवरची सगळी भांडी उलटी करून पाहिली. बाबांचे नाव, माझे नाव.

"आई, लग्नाआधी तुझे नाव काय होते?"

"आजच काय हे? भाजी करपेल." पण तिने गॅस बारीक केला आणि नाव सांगितले. हळूच, चव घेतल्यासारखे.

ते इथे लिहिणार होतो. पण लिहू का, हे तिला अजून विचारलेले नाही.