मितेशच्या फोनचा बंदोबस्त

आमच्या शेजारच्या मितेशला स्वतःच्या फोनची जेवढी काळजी, तेवढी सरकारला आमच्या खाडीच्या बांधाची असती, तर पेणला मोर्चा न्यायची वेळच आली नसती. बांधाला खांड पडली होती, म्हणजे भगदाड. आम्ही चिखल टाकून ती बुजवायची आणि पुढच्या उधाणात ती परत फुटायची. खारं पाणी आधी शिरायचं ते मितेशच्या भातशेतात. पण मितेश रोह्याकडे एका कंपनीत कंत्राटी कामाला होता, आणि कंत्राटदाराचा नियम साधा होता: मोर्चा कुणाचाही असो, त्यात दिसला त्याचा गेटपास बंद. शेत बुडाल्यापासून घर त्या पासावरच चाललं होतं.

म्हणून मोर्चाला जायचं ते पूर्ण तयारीनिशी, असं त्याने ठरवलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून पठ्ठ्या एवढा तयार झाला की ओटीवर बसून आम्हालाच शिकवायला लागला. फोन अंगठ्याने किंवा चेहऱ्याने उघडेल असा ठेवायचा नाही. कुणी धरून आपलाच अंगठा त्यावर टेकवला तर काय करणार? लांबलचक आकडा लावायचा. लोकेशन बंद. फोनला कुलूप असताना मेसेज वर दिसता कामा नयेत. शक्यतो फोन घरीच ठेवायचा, न्यायचाच तर बंद करून. दुसऱ्यांचे चेहरे दिसतील असा फोटो कुठे टाकायचा नाही. सगळं बरोबर होतं, खोटं कशाला बोलू. त्याची आई बायजाबाई तेवढी वैतागली.

"अंगठा काढलास, चेहरा काढलास," ती म्हणाली. "मंग मोर्च्यात जातंय कोन?"

त्यावर त्याने, पकडलंच तर घरी कळवायला म्हणून मनगटावर पेनाने लिहिलेला बायकोचा नंबर तिला दाखवला.

मोर्चाच्या दिवशी तोंडाला रुमाल, डोक्यावर टोपी, खिशात बंद फोन. पेणला उतरल्यावर मी हाक मारली, तर कुठला कोण असं बघून पुढे गेला. मला रागच आला. जन्मापासून शेजारी आणि ही तऱ्हा.

कचेरीसमोर पोचल्यावर माईक आमच्या गावच्या कान्हूबाबांच्या हातात आला. आमच्याकडे खांड बांधायला घरटी एक माणूस लागतो. भरती चढायच्या आत कान्हूबाबा बांधावर उभे राहून एकेक घर तोंडपाठ पुकारतात आणि त्या घरचा माणूस ओ देतो. जे घर ओ देत नाही, त्याची खांड बांधायला गाव जात नाही. मोर्चा म्हणजेही गावाचंच काम, तेव्हा म्हाताऱ्याने सवयीने तेच सुरू केलं. फरक एवढाच की या वेळी समोर भोंगा होता, आणि पोरं मोबाईल उंच धरून सगळं फेसबुकवर थेट दाखवत होती.

पुकारता पुकारता घर मितेशचं आलं.

"पुंडलिकाचा मितेश."

मितेश माझ्या पुढेच उभा होता. त्याची मान घामाने भिजली होती.

"पुंडलिकाचा मितेश. हाय का नाय?"

गप्प राहिला असता तर पास वाचला असता. माझा राग कुठल्या कुठे गेला; गप्प रहा बाबा, असंच मला वाटत होतं. त्याने रुमाल खाली ओढला.

"हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. फोन कुणी उघडला नव्हता, आकडा फुटला नव्हता, लोकेशन कुणाला कळलं नव्हतं. गेटवरच्या मशीनवर त्याने अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. शर्टाला पुसून परत ठेवला, परत लाल.

"नको घासू," वॉचमन म्हणाला. "तुझा अंगठा काल सांजच्यालाच काढलाय."

दुपारी तो परत आला तेव्हा आम्ही त्याच्याच शेताच्या खांडीवर उभे होतो. घरटी एक माणूस आला होता. मितेशने चपला बांधावर काढल्या, फोन त्यातल्या एकीत ठेवला आणि चिखलात उतरला. कान्हूबाबांनी त्याचं घर अजून पुकारलंही नव्हतं.