ओरडायचं नाही

विमान जेमतेम नऊ माणसांचं. त्यात कोण कुठे बसणार हे वैमानिक नव्हे, काटेसाहेब ठरवत. त्यांचं खरं नाव विमानतळावर कुणालाच ठाऊक नव्हतं. सामानासारखंच माणसांनाही वजनकाट्यावर उभं करायचं आणि आकडा नि रांग दारातल्या वैमानिकाला ओरडून सांगायची, हे त्यांचं काम.

"रिकाम्या विमानाचं वजन ठरलेलं. त्यात इंधन, माणसं, बोचकी. बेरीज कुणीही करेल हो! खरी मेख आहे ती जागेत. तोच माणूस मधे बसला तर बिनघोर. शेपटीकडे गेला की त्याचा जोर वाढतो आणि विमानाचं नाक वर!" हे सांगताना ते नेमके सगळ्यात जाड प्रवाशाकडे बघत.

घरीही तीच तऱ्हा. जेवणाचं टेबल डुगडुगायला लागलं, तेव्हा त्यांनी पाय दुरुस्त केला नाही, मेहुण्याची जागा बदलली.

बायकोचं वजन मात्र त्यांनाही कधी कळलं नव्हतं. आता लेकीचे दिवस भरले होते, ती विमानाच्या पलीकडच्या गावी एकटी होती, बायकोला जाणं भाग होतं आणि विमान आठवड्यातून दोनदाच जायचं.

"काट्यावर चढेन मी," बायकोने बजावलं, "पण ओरडायचं नाही. वैमानिकाच्या कानात सांगा."

"अगं, तुझी शपथ!"

ती चढली. काटा थांबला. आणि इतक्या वर्षांची सवय गप्प बसते थोडीच?

"अठ्ठ्याहत्तर! दुसरी रांग!"

सगळे प्रवासी एकदम खिडकीबाहेर बघू लागले. बायको खाली उतरली, तिने बॅग उचलली. "मी घरी चालले."

लेकीला काय तोंड दाखवणार? काटेसाहेब स्वतःच काट्यावर चढले आणि डोळे मिटून ओरडले, "ब्याण्णव!"

बायको दारातून वळली. "ब्याण्णव? अहो, आणि रात्री नुसतं सूप पिता ते?"

"सूप घरी," काटेसाहेब पुटपुटले. "इथे कॅन्टीन आहे."

बायकोला हसू आवरेना. "परत आले की बघते तुमच्याकडे," म्हणत, डोळे पुसत ती विमानात चढली.

पुढच्या फेरीच्या वेळी, ऐन गर्दीत तिचा फोन आला. "नात झाली. दोघी सुखरूप आहेत. वजन दोन किलो नऊशे. ओरडा आता हवं तेवढं."

काटेसाहेब रिकामा काटाच पुसत बसले. सगळी रांग खोळंबली. शेवटी वैमानिकाने दारातून मान आत घातली.

"दोन किलो नऊशे!" काटेसाहेब ओरडले.

वैमानिक क्षणभर गोंधळला, मग त्याच्या लक्षात आलं. "रांग कुठली, साहेब?"

"पहिली!"