एकास दोन
धातूच्या भागांना मुलामा देणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे केमिस्टबाई म्हणत. बावीस वर्षं ती गंज काढून उरलेलं आम्ल कॉस्टिक सोडा घालून शमवत आली होती. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एका मोलला कॉस्टिकचा एक मोल, हे प्रमाण तिला तोंडपाठ होतं. आम्ल शिल्लक राहिलं तर लाल होणारी कागदी पट्टी बुडवून खात्री करायची असते, पण हात बसल्यावर तिनं तेही सोडलं होतं.

मग कारखान्यात सल्फ्युरिक आम्ल यायला लागलं. तक्त्यावर तिनं आम्लाचं नाव बदललं. प्रमाण तेच ठेवलं.

सोमवारी टाकी धुणारी मावशी कोपरापर्यंत फोड घेऊन बाहेर आली आणि नळाखाली हात धरून उभी राहिली. मालक धावत आले.

"बाई, आम्ल शमवलं होतं ना?"

"हो तर! मावशींनी हातमोजेच घातले नसतील."

मोजे कठड्यावर पडले होते, काठावरून टाकीतलं पाणी शिरून आतून ओले. ते तिला दिसत होते. मावशीनं नळाखालून मान वळवून तिची नजर कुठं गेली ते पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत स्वतःचंच समाधान करायला तिनं समीकरण मांडलं. उजवीकडे सोडियम दोन, डावीकडे एकच. तोल साधायला कॉस्टिकपुढे दोनाचा आकडा लिहावा लागला. एकास दोन! म्हणजे ती निम्मंच कॉस्टिक घालत होती. शेजारच्या टाकीत पट्टी बुडवली, ती लालभडक झाली.

तिनं गुपचूप त्या टाकीत कमी पडलेलं कॉस्टिक ओतलं आणि तोंड मिटून घेतलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी भिंतीवर कागद लावला: 'हातमोज्यांशिवाय टाकीत उतरू नये.' दोन दिवस ती त्या कागदासमोरून मान खाली घालून गेली. तिसऱ्या दिवशी तो फाडून तिनं मालकांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"इतक्या वर्षांच्या अनुभवी तुम्ही," मालक एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ती मावशीच्या घरी गेली. मावशीच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

"मावशी, चूक माझी होती. मोजे तुम्ही घातले होते. मी पाहिले होते."

"तुम्ही मोजे पाहिलेत, हे मीही पाहिलं होतं, बाई."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मावशी ना रागावली, ना 'जाऊ द्या' म्हणाली. फक्त आत वळून सुनेला म्हणाली, "त्यांना पाणी दे गं."