दोरीला वजन लागेपर्यंत

डोळे मिटून, दोन बोटांत दोरी धरून मिस्त्री बोअरपाशी उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "थांबा. समजून घेऊ द्या मले." तुम्ही तिथं असता, तर नक्की चिडला असता. बोअरमध्ये मोटार पडलेली, पीक माना टाकतंय, आणि हा माणूस तासभर नुसती दोरी हलवतो! पण एकदा दोरीच्या टोकाचा गळ अडकवला की खोल पडलेली मोटार वर यायचीच. यवतमाळला माझं पाइपाचं दुकान आहे. दुकानापुढचा बाक त्यांचाच होता. पार मुकुटबनहून लोक त्यांना न्यायला यायचे.

"जड लागली तं मोटार आली. ढिली लागली तं सुटली," एवढंच त्यांचं शास्त्र.

मग त्यांच्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सर. इथले डॉक्टर म्हणाले, पोटाला चार-पाच छिद्रं पाडून दुर्बिणीतून काढू, पुढच्याच आठवड्यात या. नागपूरच्या डॉक्टरांनी रोबोटनं ऑपरेशन करायचं सांगितलं. झालं! मिस्त्रींना आपल्या तोडीचा विषय मिळाला.

"रोबोटवाल्या डॉक्टरले हाताले वजन लागते का?" त्यांनी नागपुरात विचारलं.

"फारसं नाही. पडद्यावर पाहून करतो. पण रोबोटचं मनगट आत हवं तसं वळतं."

इथं येऊन दुर्बिणीवाल्या डॉक्टरांना विचारलं, "तुमच्या दांडीले मनगट हाय का?"

"नाही, ती सरळच. पण हाताला थोडं जाणवतं. अहो, दोन्हींनी काम होतं. तुम्ही फक्त उशीर करू नका."

उशीर हा शब्द त्यांनी जन्मात कधी मनावर घेतला नव्हता. बाकावर बसून म्हणायचे, "एकाले समजते, पन वळता येत नाई. दुसऱ्याले वळता येते, पन समजत नाई. घाई कायले करू, भाऊ?" आणि मी मूर्ख! चहा मागवून त्यांच्याशी वाद घालत बसलो. गंमत वाटायची मला. आता स्वतःचाच संताप येतो. दिवाळी गेली, कापूस वेचून झाला, संक्रांतही गेली. बोअरमधली मोटार थांबते हो, पोटातली गाठ थांबत नाही.

होळीच्या आधी पँट कमरेवर राहीना, तेव्हा ते म्हणाले, "ठरलं. दुर्बीनच. दोरी हातात पाह्यजे." मी त्यांना गाडीवर बसवून नेलं. पुन्हा तपासणी झाली. गाठ यकृतापर्यंत पसरली होती.

"आता ऑपरेशनचा उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "ना हे, ना ते."

परतताना मिस्त्रींनी मागून विचारलं, "भाऊ, माही चूक झाली का?" मी गाडी चालवत राहिलो.

शेवटचे भेटले ते दवाखान्यात. डोळे मिटलेले, सलाइनची नळी दोन बोटांत धरलेली.

"काय लागतंय, मिस्त्री?" मी विचारलं.

बराच वेळ ते समजून घेत राहिले.

"काई नाई, भाऊ," म्हणाले. "ढिली हाय."