लिंबाखालची गोधडी

हे किस्से मी सांगतो खरे, पण माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट केली, आणि आज सकाळची गोळी घेतली की नाही हे डबी उघडून बघावं लागतं. पण किस्से साठतात ते शेताच्या बांधावर दगड साठतात तसे. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. नांगरताना लागला की बाजूला फेकायचा, आणि काही वर्षांनी बघावं तर कमरेएवढा बांध!

हा बांध आम्हा चौघांचा. गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालना जिल्हा अजून व्हायचा होता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होतो. मी भोकरदनला विज्ञान शिकवायचो. भीमराव गुरुजी पिंपळगाव रेणुकाईच्या प्राथमिक शाळेत होते. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात दारूचा थेंब आला नव्हता. त्याच गावात जाफरभाईंचं चहाचं हॉटेल होतं. चौथा रंगनाथ. शेतकरी, आणि पंचक्रोशीतला सगळ्यात भारी नाचणारा. हलगीवर टिपरू पडलं की बायका हातातलं काम टाकून त्याला बघायला ओट्यावर येत.

धुळवड असो, लग्न असो, जत्रा असो, नाच आला की नशा आलीच. नशा करून जो पडेल त्याच्याजवळ बसायचं, एवढंच आमचं काम. हल्ली शहरातल्या मोठ्या पार्ट्यांना अशी माणसं ठेवतात म्हणे, त्यांना टी-शर्टही देतात. आमच्याकडे एक गोधडी होती. लोक आम्हाला ‘गोधडीवाले’ म्हणत.

ही कल्पना मुळात कोणाची, यावर आमच्यात कायम वाद. गुरुजी म्हणत माझी. जाफरभाई म्हणत मेरी. मला तर खात्रीच होती की माझी. रंगनाथ या वादात कधी पडला नाही.

* * *

सुरुवात दगडूपासून झाली. दगडू हा रंगनाथचा धाकटा भाऊ. दुष्काळ सरला होता, पीक बरं आलं होतं, आणि त्या धुळवडीला पिंपळगाव भर दुपारी नाचत होतं. भांगेचा तांब्या फिरत होता. जास्त चढावी म्हणून कोणीतरी त्यात धोत्र्याचं बी वाटून घातलं होतं.

दगडू नाचता नाचता खाली बसला, मग उताणा पडला. लोक म्हणाले, “झोपू द्या, उतरंल आपोआप.” त्याला सावलीत सरकवलं आणि सगळे परत नाचायला गेले. मधे कधीतरी त्याला उलटी झाली आणि उताणा असल्यामुळे ती श्वासात गेली. रंगनाथ स्वतः तिथेच नाचत होता, हाकेच्या अंतरावर.

डॉक्टर म्हणाले, “कुशीवर वळवून कोणी नुसतं जवळ बसलं असतं, तरी वाचला असता.”

रंगनाथनं त्यानंतर कधी नाचायला पाय उचलला नाही. एवढंच म्हणाला, “नाचायला सारं गाव होतं, सर. बसायला कोनी न्हवतं.”

बी कोणी वाटलं, ते पोलिसांना शेवटपर्यंत कळलं नाही. गाव मात्र उघड बोलायचं, “रंगनाथला नाव कळू द्या, अजून एक मुडदा पडंल.”

* * *

पुढच्या धुळवडीला आम्ही लिंबाखाली गोधडी अंथरली. दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. आपण उगाच शहाणपणा करतोय की काय, अशी मला धाकधूक. रिकामं बसवेना म्हणून मी शाळेतून फळा आणवला आणि कोणती नशा शरीरात काय करते, ते समजावू लागलो. भांग, गांजा, हातभट्टी, धोत्रा, अगदी रेणूच्या आकृत्यांसकट!

तासाभरानं एक श्रोता मिळाला. रंगानं माखलेला, झुलत आलेला गडी. मांडी घालून बसला आणि फार मन लावून ऐकू लागला. मला हुरूप आला. शेवटी त्यानं हात वर केला.

“सर, हे परीक्षेला येनार का?”

आणि तिथेच आडवा झाला. गुरुजी म्हणाले, “सर, फळा राहू द्या. आधी त्याला कुशीवर घ्या.”

आमचा पहिला माणूस तो.

* * *

हळूहळू नियम ठरले. एकाला एक: जो माणूस ज्याच्या हाती येईल, त्यानं तो शुद्धीवर येईपर्यंत किंवा दवाखान्यात पोचेपर्यंत उठायचं नाही. काय घेतलं ते विचारायचं, कारण डॉक्टरला सांगावं लागतं. पण कोणी दिलं ते विचारायचं नाही, आणि नाव तर नाहीच नाही. नाव विचारलं की पुढच्या वेळी लोक माणसाला आमच्याकडे न आणता कडब्याच्या गंजीआड लपवतात.

एका जत्रेत हवालदार आले. गोधडीवर तिघं पडलेले. हवालदार गुरुजींना म्हणाले, “ह्यांची नावं सांगा बरं.”

गुरुजी नोकरीला लागल्यापासून रोज हजेरी घेत आलेले. चष्मा पुसत म्हणाले, “साहेब, हजेरी शाळेत घेतो. इथं सगळे गैरहजर.”

हवालदारांनी तिघांकडे पाहिलं. एक जण खरोखरच फार लांब गेलेला दिसत होता. चहा पिऊन ते निघून गेले.

त्याच संध्याकाळी, एसटीची वाट बघताना, गुरुजींनी मला वेगळंच सांगितलं. दगडू गेला त्या धुळवडीला तांब्यात बी घालणारा माणूस त्यांना ठाऊक होता. गंगाधर. रंगनाथच्याच आळीतला, दगडूचा जोडीदार. शाळेतली पोरं आपसात बोलताना त्यांच्या कानावर आलं होतं.

“रंगनाथला?” मी विचारलं.

“बिलकुल कळू द्यायचं न्हाई. दगडू तर गेलाच, रंगनाथ खून करून जेलात जाईल. मंग त्याच्या बायकोनं काय करायचं?”

तेव्हापासून प्रत्येक धुळवडीला माझं अर्धं लक्ष पडलेल्यांवर आणि अर्धं गंगाधरवर. तो लिंबाच्या बाजूला येताना दिसला की मी जाफरभाईंना खूण करायचो. जाफरभाईंनाही सांगून ठेवलं होतं. ते त्याला हाक मारून हॉटेलात बसवत, पैसे न घेता चहा पाजत. गंगाधरला वाटत असेल, जाफरभाईंचं आपल्यावर काय प्रेम!

* * *

सरूबाई म्हणजे रंगनाथची बायको. गोधडी तिनंच शिवलेली. जुनी लुगडी, आणि मधोमध पांढऱ्या धोतरांचे दोन रुंद पट्टे. प्रत्येक नाचानंतर ती गोधडी कोणत्या अवस्थेत घरी जायची, ते सांगत नाही.

एकदा टेंभुर्णीला आमचा सत्कार झाला. नारळ, टोपी, टाळ्या! हे ऐकल्यावर सरूबाई म्हणाली, “नारळ तुमाला अन् गोधडी मला. एकदा नदीवर या धुवायला, मंग घाला टोप्या!”

पुढच्या वेळेपासून गोधडी आम्ही चौघं धुऊ लागलो. गुरुजी पिळायचे. जाफरभाईंचं मत असं की या कामाला प्रोफेसरचा काही उपयोग नाही.

* * *

टेंभुर्णीचंच लग्न. नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला निघाला, मित्रांनी वाटेत पाजली, आणि पारावर पोचता पोचता मुंडावळ्यांसकट कोसळला. उचलून थेट गोधडीवर!

मुहूर्त जवळ आला. मुलीचे मामा उतारा म्हणून पातेलंभर चिंचेचं पाणी घेऊन धावले. “ओता तोंडात, जल्दी!”

रंगनाथनं पातेल्यापुढे हात आडवा धरला. “शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात काईच घालायचं न्हाई, मामा. घशात अडकंल.”

“अन् मुहूर्त?”

“मुहूर्त दुसरा मिळंल. नवरदेव दुसरा मिळायचा न्हाई.”

मागून मुलीची आत्या म्हणाली, “का न्हाई मिळायचा? ह्याच्यापेक्षा बराच मिळंल!”

मांडवात मोठा हशा झाला. मुलीचे वडील मात्र हसले नाहीत. आत्याचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं. त्या दिवशी ते लग्न झालं नाही.

* * *

जाफरभाईंचा एक किस्सा मला फार जवळचा आहे.

जत्रेत एक पन्नाशीचा माणूस आणला. भांगेत धोत्रा, पुन्हा तेच. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं, तोंड कोरडं. दवाखान्यात न्यायचं तर गाडी यायला वेळ होता. त्याला अंगरख्यावर पाखरं दिसत होती. तो ती धरायचा आणि ठेवायला जागा नाही म्हणून रडायचा. मी त्याला समजावत होतो की पाखरं नाहीत. मी जितकं समजावलं, तितका तो घाबरला.

जाफरभाईंनी आपली चहाची किटली रिकामी केली, झाकण काढलं आणि त्याच्यापुढे धरली. “इसमें डाल दो भाई. मैं संभालता हूँ.”

गाडी येईपर्यंत तो एकेक पाखरू किटलीत ठेवत होता आणि जाफरभाई दर वेळी झाकण लावत होते.

तो वाचला. आठवड्यानं हॉटेलात आला, ओशाळा. कोपऱ्यात बसून हळूच म्हणाला, “जाफरभाई, माझी पाखरं?”

जाफरभाई त्याच्या कपात चहा ओतत म्हणाले, “उड गईं. सब सलामत हैं.”

* * *

आता शेवटचा. पिंपळगावची धुळवड, दगडू जाऊन बरीच वर्षं झालेली. ऊन रणरणत होतं. गुरुजींजवळ एक जण होता, तो सारखा उठून पळू बघत होता. जाफरभाई दुसऱ्याला सावरत होते. मी पाणी आणायला गेलो होतो. परत आलो तर दोघा नाचणाऱ्यांनी तिसरा माणूस आणून टाकला होता, आणि रंगनाथ त्याच्याजवळ बसला होता.

तो गंगाधर होता.

हातभट्टीची प्यालेला. ओठ काळेनिळे, श्वास थांबत थांबत येणारा. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना उठता येत नव्हतं.

मी रंगनाथच्या खांद्यावर हात ठेवला. “तू जरा चहा घे. मी बसतो याच्याजवळ.”

“न्हाई सर. एकाला एक.”

“अरे, पण...”

“हा माझ्या हाती आला.”

गंगाधरला आणणाऱ्या दोघांपैकी एकाला गुरुजींनी सायकलवरून गाडी बघायला पिटाळलं. मी रंगनाथच्या मागे उभा राहिलो. गंगाधरचं अंग जड होतं. कुशीवर ठेवलं तरी ते घसरून उताणं व्हायला बघायचं. रंगनाथनं काही करायची गरजच नव्हती. नुसता हात काढून घेतला असता तरी पुरे होतं, आणि कोणी बोट दाखवलं नसतं. मी त्याच्या हातावरची नजर हलवली नाही. गंगाधर घसरायचा, रंगनाथ त्याला परत कुशीवर आणायचा. पाठीला आपला गुडघा लावायचा. तोंडातली घाण बोटानं काढायचा. श्वास लांबला की त्याच्या कानाशी वाकून म्हणायचा, “घे, गंग्या. श्वास घे. मी हाय इथं.”

लिंबाची सावली सरकली तशी त्यानं दोन वेळा गोधडी ओढून सावलीत घेतली. पलीकडे हलगी चालूच होती.

ट्रक आला. रंगनाथ गंगाधरला मांडीवर घेऊन भोकरदनपर्यंत गेला. गंगाधर वाचला. मी आणि गुरुजी एकमेकांना म्हणालो, बरं झालं, रंगनाथला काही माहीत नाही.

पुढे माझी बदली झाली. गुरुजी गेले, जाफरभाई गेले, रंगनाथही गेला. निवृत्तीनंतर एकदा भोकरदनच्या बसस्टँडवर एका म्हाताऱ्यानं मला नमस्कार केला. गंगाधर. आम्ही बाकावर बसलो. इतक्या वर्षांनी धीर करून मी म्हणालो, “रंगनाथला कधी कळलं नाही, ते बरं झालं.”



“काय बोलून राह्यले, सर? दगडूची राख सावडायला मी गेल्तो. तिथंच सांगितलं त्याला. सगळ्यात आधी त्यालाच.”

माझा विश्वास बसेना. मी तसाच पिंपळगावला गेलो आणि सरूबाईंना विचारलं. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, “हो. राख सावडून घरी आले. दिवेलागणीला मला म्हनले, ‘एक गोधडी शिव. मोठी. दगडूची धोतरं घाल तिच्यात.’”