दोन खोल्यांमधला व्हरांडा

पुण्याहून जालन्याला निघाले तेव्हा बस सुटेपर्यंत बाबा खिडकीखाली उभे होते. "पाण्याची बाटली घेतलीस ना?" त्यांनी दोनदा विचारलं. आमच्या घरी अवघड काही बोलायचं असलं की पाण्याबद्दल बोलतात. आई स्टँडवर आलीच नाही. दारातच म्हणाली होती, "नवीन गाव आहे. कुणाला काही सांगत बसू नकोस."

सांगण्यासारखं एवढंच होतं, की मी दारू पीत होते. आधी ऑफिसच्या पार्टीत, मग पार्टी नसताना, शेवटी सकाळीसुद्धा. व्यसनमुक्ती केंद्रात होते तेव्हा आईने नातेवाइकांना बंगलोरचं ट्रेनिंग सांगितलं. लहानपणी दर रविवारी आम्ही विहारात पंचशील म्हणायचो. पाचवं शील दारू न पिण्याचं. त्यात अवघड काय आहे, हेच तेव्हा मला कळायचं नाही.

बाबा मूळचे जालन्याजवळच्या केदारखेड्याचे. शिकायला बाहेर पडले आणि पुण्याचे झाले. मी उलट्या दिशेने आले. जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडायच्या, आतल्या बिया उगवल्यात का बघायचं. दिवस शांत जायचा. संध्याकाळी खोलीवर जाताना वाटेत वाइन शॉप लागायचं आणि मी स्वतःच्या चपलांकडे बघत चालायचे. दारू सोडलेल्यांच्या ग्रुपशिवाय तू टिकणार नाहीस, असं केंद्रातल्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं.

ग्रुप सापडला एका शाळेत, रविवारी सकाळी भरणारा. मोठ्या वर्गात दारू सोडलेले पुरुष बसायचे. व्हरांड्यापलीकडे, बालवाडीच्या खोलीत, त्यांच्या बायका आणि आया. मी व्हरांड्यात घुटमळत होते. शांतामावशींनी दंडाला धरून मला सरळ बालवाडीत नेलं. मावशी मेस चालवतात. त्यांच्या नवऱ्याने बऱ्याच वर्षांपूर्वी दारू सोडली आहे.

"कोण पेतं गं घरी? बाप का भाऊ?"

गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, म्हणून नवरा त्यांनी आधीच वगळला होता. आणखी कुणी असू शकतं, हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. मी म्हणाले, "बाबा."

ज्या माणसाने बिअरचा वासही कधी घेतला नसेल, त्याच्या नावावर मी दर रविवारी चहा पीत राहिले.

"मारतो का?"

"नाही."

"मंग पगार उडवतो?"

"नाही."

"असा कसा गं बेवडा तुहा बाप!" मावशी म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

पलीकडून आवाज यायचे. प्रत्येक जण आपलं नाव सांगून म्हणायचा, मी दारुडा आहे. माझं वाक्य त्या खोलीत होतं आणि मी या खोलीत. एका शनिवारी मी वाइन शॉपच्या पायरीवर चढले. तिथूनच मागे फिरले आणि बाबांना फोन केला. मी ग्रुपमध्ये चुकीच्या खोलीत बसते, हे सांगितलं, आणि कुणाचं नाव सांगून बसते, तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाणी पी. सकाळी पोचतो."

सकाळी व्हरांड्यात मावशींनी त्यांना गाठलंच. "पोरीचे वडील ना तुम्ही? बरं केलं आलात, भाऊ. लाजायचं काही कारण न्हाई. आमचे मालक बी असेच होते."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुण्यात मी कधीच न ऐकलेल्या बोलीत म्हणाले, "व्हय ताई. लई झालं. आता सोडायचीच म्हणून आल्तो."

चपला काढून ते मोठ्या वर्गात जाऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, मांडी घातलेली, पाठ ताठ. एकेक जण बोलत होता आणि पाळी त्यांच्याकडे सरकत होती. माझं वाक्य ते माझ्याऐवजी बोलून टाकणार होते. मला ते दिसत होतं.

मी आत गेले. "बाबा, तुम्ही उठा," म्हणाले. "हे पीत नाहीत. मी पल्लवी. पिणारी मी आहे."

एका काकांनी सरकून सतरंजीवर जागा केली. दारातून मावशींचा आवाज आला, "आता गं बाई! मंग इतके दिवस आम्ही बिचाऱ्याला फुकट शिव्या देऊन राह्यलो व्हय?" आधी बाबाच हसले. मावशींनी त्यांना चहाला म्हणून बालवाडीत नेलं. मी बसले. थोड्या वेळाने व्हरांड्यापलीकडून तोच जुना प्रश्न ऐकू आला, आणि त्यावर बाबांचं उत्तर, हळू पण स्वच्छ: "माझी लेक."

परत जाताना, स्टँडवर, ते म्हणाले, "पाचवं शील तू मोडलंस. चौथं, खोटं न बोलण्याचं, आज मी मोडलं. दोघं मिळून पुन्हा घेऊ."

आता कुणी घर कुठलं विचारलं तर मी आधीसारखी अडखळत नाही. गाव सोडून गेलेल्या तुमच्यापैकी अनेकांना घर म्हणजे कुणीतरी वाट बघत असलेली जागा वाटत असेल. मला ती जागा वाटते, जिथे कोण पितं या प्रश्नाचं खरं उत्तर देऊन चहा पिता येतो. पुण्याचं घर अजून तसं झालेलं नाही. आईचं ट्रेनिंग अजून बंगलोरलाच आहे. पण परवा फोनवर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या त्या बालवाडीत बसायला काय असतं गं? माझे गुडघे दुखतात."

"बाकं आहेत," मी म्हणाले. "बुटकी आहेत, पण आहेत."